इंटला मज्जाव

जावामध्ये स्ट्रिंगची लिस्ट करता येते, तारखांची करता येते, स्वतः लिहिलेल्या कुठल्याही क्लासची करता येते. 'लिस्ट ऑफ इंट' मात्र लिहिता येत नाही. लिहिलीच तर कंपायलर तिथल्या तिथे अडवतो. प्रोग्रॅममध्ये पूर्णांकाइतकं साधं काही नाही आणि लिस्टइतकं रोज लागणारंही काही नाही. तरी या दोघांची थेट गाठ पडू द्यायची नाही, असा नियम असलेली भाषा आज जगभरच्या बँकांचे व्यवहार सांभाळते.

या नियमावरून आमच्या घरी माझ्या धाकट्या भावाची आणि माझ्या मुलीची चांगलीच जुंपली. भाऊ जावाच्या पहिल्या पिढीतला, व्हेक्टर आणि हॅशटेबलच्या काळापासून तीच भाषा लिहीत आलेला. मुलगी सी शार्पवर वाढली आणि नुकतीच नोकरी बदलून जावाच्या टीममध्ये गेली. मी बरीच वर्षं पॉलिटेक्निकला जावा शिकवली, त्यामुळे पंचाची खुर्ची आपसूक माझ्याकडे आली. पंचाला स्वतःचं मत नसतं अशी कुणाची समजूत असेल तर त्याने ती इथेच सोडावी. झालेलं बोलणं जमेल तितकं जसंच्या तसं देते. घरगुती विषयांतरं गाळली आहेत.

भाची: मामा, सरळ विचारते. मी आतापर्यंत 'लिस्ट ऑफ इंट' लिहीत आले. इथे सगळे सांगतात, 'इंटिजर' लिही, कॅपिटल आय, पूर्ण स्पेलिंग. का?

मामा: कारण इंट हा ऑब्जेक्ट नाही. आठ प्रिमिटिव्ह टाइप एका बाजूला: बाइट, शॉर्ट, इंट, लाँग, फ्लोट, डबल, कॅर, बूलियन. बाकी सगळं दुसऱ्या बाजूला, आणि त्या सगळ्यांचं मूळ ऑब्जेक्ट नावाच्या क्लासमध्ये. जेनेरिकच्या कंसात फक्त दुसऱ्या बाजूचे टाइप चालतात.

भाची: हे परीक्षेतलं उत्तर झालं. नियम कळला मला. नियम असा का, ते सांग.

मामा: मग मागे जावं लागेल. जेम्स गॉस्लिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये सन कंपनीत हे काम हाती घेतलं ते घरगुती उपकरणांसाठी. छोटा प्रोसेसर, तुटपुंजी मेमरी. 1996 च्या जानेवारीत जावा 1.0 आली तेव्हाही बाइटकोड एकेक सूचना वाचत इंटरप्रिट व्हायचा. अशा वेळी दोन आकड्यांच्या बेरजेला दोन ऑब्जेक्ट आणि उत्तरासाठी तिसरा, असं केलं असतं तर सी आणि सी प्लस प्लस लिहिणाऱ्यांनी या भाषेकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

भाची: स्मॉलटॉकमध्ये तीन हा आकडासुद्धा ऑब्जेक्ट आहे. आणि त्यासाठी हीपवर जागा घेत बसत नाहीत. पॉइंटरमधला एखादा बिट खूण म्हणून राखायचा, उरलेल्या बिटांत आकडाच भरायचा. ओकॅमलही हेच करते. ही युक्ती त्या काळात काही गुपित नव्हती.

मामा: नव्हती. पण मग 32 बिटच्या मशीनवर ओकॅमलचा पूर्णांक 31 बिटांचा होतो. जावाला तर शब्द द्यायचा होता की इंट म्हणजे बरोबर 32 बिट आणि लाँग म्हणजे बरोबर 64, मग मशीन कुठलंही असो.

मी: तुम्ही दोघं 1991 मध्येच अडकाल. भांडण खरं 2004 चं आहे.

ते 2004 चं आहे असं मी म्हटलं, कारण त्या वर्षीच्या सप्टेंबरात जावा 5 आली आणि तिच्यासोबत जेनेरिक्स आले. त्याआधी लिस्टमध्ये काय आहे हे लिस्टला माहीतच नसायचं. सगळं ऑब्जेक्ट म्हणून आत जायचं आणि बाहेर काढताना कास्ट करून 'हा इंटिजर आहे' असं आपणच सांगायचं. चुकलं तर प्रोग्रॅम चालू असताना कोसळायचा. आकडा ठेवायचा तर 'न्यू इंटिजर' लिहून हाताने ऑब्जेक्ट बनवायचा, काढताना 'इंट व्हॅल्यू' मागायची. एका साध्या बेरजेला तीन ओळींचा पसारा. मी तो फळ्यावर लिहून शिकवलेला आहे.

जेनेरिक्सची मागणी 1999 मध्येच जेएसआर 14 या क्रमांकाने नोंदली गेली होती. त्यामागे गिलाड ब्राचा, मार्टिन ओडरस्की, डेव्हिड स्टाउटमायर आणि फिलिप वॉडलर या चौघांनी 1998 मध्ये मांडलेली जीजे नावाची रचना होती. त्यांच्या निबंधाचं शीर्षकच 'मेकिंग द फ्यूचर सेफ फॉर द पास्ट' असं होतं. पुढची सगळी कथा त्या शीर्षकात आहे. (यातल्या ओडरस्कीने पुढे स्काला भाषा केली.)

मामा: ऐक आता. त्यांनी ठरवलं की जेनेरिक टाइप कंपायलरने तपासायचा आणि मग पुसून टाकायचा. टाइप इरेजर. 'लिस्ट ऑफ स्ट्रिंग' बाइटकोडमध्ये नुसती 'लिस्ट' होते. टी नावाचं जे काही असेल त्याच्या जागी ऑब्जेक्ट येतो. आणि इंट ऑब्जेक्टच्या जागी बसू शकत नाही. बाइटकोडमध्ये इंट उचलायची सूचना वेगळी, रेफरन्स उचलायची वेगळी. लाँग आणि डबल तर लोकल व्हेरिएबलची दोन घरं खातात. मग एकच पुसलेला कोड दोघांना कसा चालेल?

भाची: एकच कोड हवा हा हट्ट कुणाचा? सी प्लस प्लस प्रत्येक टाइपसाठी वेगळा कोड काढते. सी शार्पने 2005 मध्ये, आवृत्ती 2.0 मध्ये, याहून चांगला मार्ग काढला. केंब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये डॉन साइम आणि अँड्र्यू केनेडी यांनी रनटाइमच बदलायला लावला. रेफरन्स टाइपसाठी एकच कोड सगळ्यांत वाटून वापरायचा आणि इंट, डबल वगैरेंसाठी प्रत्येकाचा वेगळा कोड गरजेनुसार काढायचा. 'लिस्ट ऑफ इंट'च्या पोटात खराखुरा इंटचा अ‍ॅरे. संपलं.

मामा: संपलं नाही. जुन्या 'अ‍ॅरेलिस्ट'चं काय झालं तुमच्या?

भाची: आहे अजून. कुणी वापरत नाही.

मामा: हेच म्हणतो मी. जेनेरिक कलेक्शन्सचं सगळं दुकान त्यांनी नव्या नेमस्पेसमध्ये नव्याने मांडलं. जुन्या लायब्ररीला जुनी लिस्ट हवी, नव्याला नवी, मधे तुम्ही कॉपी करत बसा. डॉटनेट तेव्हा तीन-साडेतीन वर्षांचं होतं, त्यांना ते परवडलं. जावाला आठ वर्षं उलटून गेली होती. माझ्याकडे तेव्हा एक जार फाइल होती, जिचा सोर्स कुणाकडेच नव्हता. लिहिणारा सोडून गेलेला, कंपनी दुसऱ्याने घेतलेली. ती जार जुनी 'अ‍ॅरेलिस्ट' परत करायची. जावा 5 मध्ये मी ती 'लिस्ट ऑफ स्ट्रिंग' म्हणून घेतली, कंपायलरने एक इशारा दिला आणि काम सुरू राहिलं. त्या जारला कुणी हात लावला नाही. तुझ्या मार्गाने ते झालं असतं?

भाची: नसतं झालं. पण एका अनाथ जारसाठी पुढच्या वीस वर्षांच्या सगळ्या प्रोग्रॅमरांनी दंड भरायचा?

मामा: एक जार? अशाच जार फाइलींवर जग चालत होतं, बाई.

इथे मामाचा मुद्दा मला मोठा वाटतो आणि तो नव्या पिढीला पटवणं अवघड जातं. दोन्ही दिशांनी जुळवून घेणं हा त्या काळचा खरा प्रश्न होता: नव्या कोडने जुनी लायब्ररी वापरायची आणि जुन्या, पुन्हा कंपाइल न केलेल्या कोडने नवी लायब्ररी वापरायची. त्यातही लायब्ररी लिहिणारा आणि वापरणारा यांनी आपापल्या सवडीने बदल करायचे, एकमेकांसाठी थांबायचं नाही. हे इरेजरमुळे जमलं. मुलीने यावर वाद घातला नाही. तिने रोख बदलला आणि तिथे मामाची पंचाईत झाली.

भाची: ठीक आहे, जुळवून घेतलं. त्याची किंमत कोण मोजतंय ते बघू. दहा लाख रीडिंग आहेत, वीज मीटरची समज. इंटच्या साध्या अ‍ॅरेत ठेवली तर 40 लाख बाइट. बरोबर?

मामा: बरोबर. हेडरचे किरकोळ सोड.

भाची: 'लिस्ट ऑफ इंटिजर'मध्ये ठेवली तर? जावाचं हॉटस्पॉट यंत्र, 64 बिट, नेहमीची सेटिंग. लिस्टच्या आतल्या अ‍ॅरेत दर आकड्याला चार बाइटचा रेफरन्स. तो दाखवतो इंटिजर ऑब्जेक्टकडे. त्याचं हेडर 12 बाइट, आकडा चार बाइट, मिळून 16. म्हणजे एका आकड्याला 20 बाइट. 40 लाखांच्या जागी दोन कोटी बाइट. जुन्या आवृत्त्यांत हीप 32 जीबीच्या वर गेला की रेफरन्स आठ बाइटचा, ऑब्जेक्ट 24 चा. तेव्हा आठपट.

मामा: अगं, पंचविसाव्या आवृत्तीत हेडर आठ बाइटवर आणायची सोय आली आहे.

भाची: वाचलंय मी ते. आठ अधिक चार, बारा. आणि ऑब्जेक्ट आठच्या पटीतच बसतो, म्हणजे परत 16. इंटिजरच्या पदरात काही पडलं नाही.

(मामाला निरुत्तर झालेलं मी क्वचित पाहिलं आहे, म्हणून हे मुद्दाम नोंदवून ठेवते.)

जागेचा हिशोब निदान कागदावर मांडता येतो. वेळेचा फटका त्याहून छुपा असतो. लग्नात आहेराची पाकिटं जमतात तसं समजा. अ‍ॅरे म्हणजे टेबलावर एका ओळीत मांडलेली नाणी. हात फिरवत मोजत जायचं. 'लिस्ट ऑफ इंटिजर' म्हणजे प्रत्येक नाणं स्वतंत्र पाकिटात, पाकिटं घरभर ठेवलेली, आणि आपल्या हातात फक्त कुठलं पाकीट कुठे आहे याची यादी. प्रोसेसर मेमरीतून एका वेळी साधारण 64 बाइटचा तुकडा कॅशमध्ये ओढतो. अ‍ॅरे असेल तर त्या एका खेपेत 16 आकडे येतात. पाकिटं असतील तर एका खेपेत नक्की एक आकडा हाती लागतो, शेजारचा आला तर नशीब. शिवाय गार्बेज कलेक्टरला इंटच्या अ‍ॅरेत डोकवायची गरजच नसते, कारण तिथे रेफरन्स नसतात. दहा लाख पाकिटांची मात्र त्याला एकेक करून विचारपूस करावी लागते.

हॅशमॅपचं चित्र याहून वाईट. की इंटिजर आणि व्हॅल्यूही इंटिजर असा मॅप घेतला तर एका नोंदीला 32 बाइटचा नोड, 16-16 बाइटचे दोन इंटिजर, वर टेबलातली जागा. आठ बाइटच्या माहितीसाठी सत्तरेक बाइट.

मामा: हे सगळं खरं. पण किती प्रोग्रॅममध्ये दहा लाख आकड्यांच्या लिस्टा असतात? मी आयुष्यभर डेटाबेसमधून वीस-पंचवीस ओळी आणल्या, पानावर दाखवल्या. तिथे पाच मिलिसेकंद नेटवर्कमध्ये जातात आणि तू बाइट मोजत बसतेस.

भाची: तुझं काम तसं होतं. ज्यांचं नव्हतं त्यांनी काय केलं बघ. ट्रोव्ह लिहिली, फास्टयुटिल लिहिली, गोल्डमन सॅक्सच्या लोकांनी कलेक्शन्सची आख्खी लायब्ररी केली, ती आता इक्लिप्स कलेक्शन्स म्हणून चालते. प्रत्येक प्रिमिटिव्हसाठी वेगळी लिस्ट, वेगळा सेट, वेगळा मॅप. फास्टयुटिलचे क्लास कसे तयार होतात माहीत आहे? एक साचा लिहितात आणि सीच्या प्रीप्रोसेसरमधून काढतात. सीच्या, मामा! जी भाषा मागे टाकायला जावा निघाली, तिच्याच मॅक्रोंनी जावाच्या लिस्टा छापायच्या.

मामा हसला. त्याने पुढे केलेला बचाव फारसा जोरकस नव्हता: मूळ जावानेही 2014 मध्ये, आठव्या आवृत्तीत, सोय केली की. इंटस्ट्रीम, लाँगस्ट्रीम, डबलस्ट्रीम. मुलीने लगेच विचारलं, बाकीचे पाच कुठे गेले? खरंच, आठांपैकी तिघांनाच स्ट्रीम मिळाले. स्ट्रिंगवर 'कॅर्स' ही मेथड चालवली तर अक्षरांचा स्ट्रीम मिळेल असं वाटतं. मिळतो इंटस्ट्रीम, आणि 'एबीसी' छापायला जावं तर 97, 98, 99 छापून येतं. त्याच आवृत्तीत फंक्शनसाठी जे पॅकेज आलं त्यात 43 इंटरफेस आहेत. मूळ कल्पना पाच-सहा: देणारा, घेणारा, बदलणारा, तपासणारा. उरलेल्यांतले बहुतेक 'टू इंट फंक्शन', 'इंट टू डबल फंक्शन' अशा नावांचे, म्हणजे इंट, लाँग आणि डबल कंसात बसत नाहीत म्हणून जन्मलेले. माझे विद्यार्थी ती यादी पाठ करायला बघायचे. मी त्यांना पाठ न करण्याचा सल्ला द्यायचे.

एवढं होईपर्यंत मी बहुतेक गप्प होते. पण दोघंही ज्या नियमावर तुटून पडत होते किंवा ज्याची ढाल होत होते, त्या नियमाने माझ्या विद्यार्थ्यांना कधीच फारसा त्रास दिला नव्हता. कंपायलरने 'इंट चालणार नाही' म्हटलं की ते मुकाट 'इंटिजर' लिहायचे. रडवायची ती दुसरीच गोष्ट.

मी: तुम्ही दोघं चुकीच्या आरोपीला धरून बसला आहात. बंदीने कुणाचं वाटोळं झालं नाही. ऑटोबॉक्सिंगने केलं.

मामा: ताई, ऑटोबॉक्सिंगने तर आम्हाला वाचवलं! 'न्यू इंटिजर' लिहून लिहून बोटं दुखायची.

मी: बोटं वाचली, मान्य. पण बघ काय झालं. जावा 5 मध्ये एका दाराने जेनेरिक्स आले आणि शेजारच्या दाराने ऑटोबॉक्सिंग. आकडा लिस्टमध्ये टाकला की कंपायलर गुपचूप पाकिटात घालतो, काढला की गुपचूप पाकीट फोडतो. लिहिणाऱ्याला वाटतं इंट आणि इंटिजर एकच. मग तो दोन इंटिजरांची तुलना डबल इक्वल्सने करतो. दोन्हीकडे 127 असेल तर उत्तर हो. दोन्हीकडे 128 असेल तर उत्तर नाही.

भाची: हे मी ऐकलं होतं, पण मला वाटलं कुणीतरी गंमत करतंय.

मी: भाषेच्या नियमपुस्तकात आहे. उणे 128 ते अधिक 127 या आकड्यांची पाकिटं एकदाच करून ठेवायची आणि दर वेळी तीच द्यायची. त्यापलीकडे बहुधा नवं पाकीट. डबल इक्वल्स विचारतं 'हे तेच पाकीट आहे का', आत रक्कम किती ते बघतच नाही. गंमत वाटेल, पण टेस्टमध्ये आपण ग्राहक क्रमांक 1, 2, 3 असेच ठेवतो. सगळं पास. ग्राहक 128 वा आला की गडबड.

मामा: 'इक्वल्स' वापरायचं की मग.

मी: वापरायचं हे कळायला आधी समोर ऑब्जेक्ट आहे हे दिसायला हवं ना? तेच तर झाकून ठेवलंय.

आणि मग मी माझी जुनी वही उघडल्यासारखी एकेक उदाहरणं काढली. लिस्टमध्ये 5, 6, 7 हे आकडे आहेत. 'रिमूव्ह 5' म्हटलं तर पाच निघायला हवा. प्रत्यक्षात पाचव्या जागेचा घटक शोधला जातो आणि तशी जागा नाही म्हणून एक्सेप्शन येतं. 'रिमूव्ह 1' म्हटलं तर एक्सेप्शनही येत नाही, सहा निघून जातो. तेच आकडे सेटमध्ये असते तर 'रिमूव्ह 5'ने पाच निघाला असता. जावा 5 च्या आधी हा गोंधळ संभवतच नव्हता. इंट दिला की जागा, ऑब्जेक्ट दिला की वस्तू, दोन्ही मेथड लांबून ओळखू यायच्या. ज्यांनी हे कलेक्शन्स घडवले त्या जोशुआ ब्लॉकनेच आपल्या 'इफेक्टिव्ह जावा' पुस्तकात बॉक्स केलेल्या टाइपांपासून जपून राहायला सांगितलं आहे.

दुसरं, नल. मॅपमधून आकडा मागितला आणि तो इंट व्हेरिएबलमध्ये घेतला. नोंद नसेल तर मॅप नल देतो, कंपायलरने लपवलेली पाकीट-फोड नलवर चालते आणि नल पॉइंटर एक्सेप्शन. त्या ओळीकडे दहा वेळा पाहिलं तरी कुठे ऑब्जेक्टचा डॉट दिसत नाही, मेथड कॉल दिसत नाही. शिकणारं पोर बिचारं स्क्रीनकडे बघत राहतं. प्रश्नचिन्ह-कोलनच्या शर्तीत एका बाजूला साधा इंट आणि दुसऱ्या बाजूला नल असलेला इंटिजर असेल तरी हेच होतं, उत्तर इंटिजरमध्येच घ्यायचं असलं तरी. आणि इंटचा अ‍ॅरे 'अ‍ॅरेज डॉट अ‍ॅजलिस्ट'ला दिला तर आकड्यांची लिस्ट मिळत नाही. एकच घटक असलेली लिस्ट मिळते आणि तो घटक म्हणजे तो आख्खा अ‍ॅरे.

भाची: म्हणजे माझीच बाजू झाली. सी शार्पसारखं केलं असतं तर यातलं काहीच नसतं.

मामा: सी शार्पमध्ये बॉक्सिंग नाही? इंट ऑब्जेक्टला दे बघू.

भाची: होतं बॉक्सिंग, तेही न सांगता. पण लिस्टमध्ये होत नाही. आणि परत काढताना कास्ट मला लिहावा लागतो.

मामा: बरं, मग हे सांग. उद्या जावात 'मॅप ऑफ स्ट्रिंग, इंट' आला. नसलेली की मागितली. 'गेट'ने काय द्यायचं? नल तर इंट असू शकत नाही. शून्य द्यायचा?

भाची: सी शार्पमध्ये एक्सेप्शन येतं. नाहीतर 'ट्राय गेट व्हॅल्यू' आहे: मिळालं की नाही ते वेगळं, आकडा वेगळा.

मामा: म्हणजे मॅपचा करारच वेगळा. जावातल्या 'गेट'ने 1998 पासून सांगून ठेवलंय, नसेल तर नल. तो करार करोडो ओळींत गृहीत धरलेला आहे. 'अ‍ॅरेलिस्ट'चा कोड उघडून बघ, शेवटचा घटक काढल्यावर त्या घरात नल भरतात, म्हणजे गार्बेज कलेक्टरला तो उचलता येतो. इंटच्या अ‍ॅरेत काय भरणार? तुला वाटतं तेवढं हे कंपायलरमधल्या एका नियमाचं काम नाही. लिस्ट आणि मॅप लिहिणाऱ्यांनी ओळीओळीत नल गृहीत धरला आहे.

हा मुद्दा मला स्वतःला नवा होता आणि त्या दुपारचा सगळ्यात चांगला मुद्दा तोच. व्हॅल्हाला नावाचा प्रकल्प 2014 पासून का चालला आहे याचं बरंचसं उत्तर त्यात आहे. ब्रायन गेट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जे ध्येय समोर ठेवलं ते असं सांगता येईल: लिहायला क्लास, चालायला इंट. त्यातला पहिला मोठा टप्पा म्हणजे व्हॅल्यू क्लास, ज्याच्या ऑब्जेक्टला स्वतःची ओळख नसते, फक्त मजकूर असतो. इंटिजर स्वतःच व्हॅल्यू क्लास झाला की डबल इक्वल्स रक्कम बघेल आणि 127-128 चा तमाशा संपेल. त्याची पूर्वतयारी कधीपासून दिसते आहे: नवव्या आवृत्तीत 'न्यू इंटिजर' जुनं ठरवलं गेलं, सोळाव्या आवृत्तीत ते काढून टाकण्याचा इशारा आला आणि इंटिजरवर लॉक लावणाऱ्यांनाही कंपायलर दटावू लागला.

भाची: आणि 'लिस्ट ऑफ इंट'?

मामा: ती रांगेत मागे आहे. आधी नलचं मिटवायचं: हा टाइप नल घेतो की नाही, हे लिहून सांगायची सोय. मग दोन थ्रेडचं. 64 बिटपेक्षा मोठी व्हॅल्यू पाकिटाविना अ‍ॅरेत ठेवली तर एक थ्रेड लिहीत असताना दुसऱ्याला अर्धी जुनी, अर्धी नवी दिसू शकते. मग इरेजर न मोडता प्रत्येक टाइपचा वेगळा कोड काढायचं.

भाची: तोवर मी निवृत्त होईन.

मामा: मी तर झालोच.

मुलीने निघता निघता कॉटलिनचं नाव काढलं. तिथे इंट एकच आहे, लहान-मोठा भेद नाही, आणि 'लिस्ट ऑफ इंट' बिनदिक्कत लिहिता येते. मला ते उत्तर मान्य नाही. जावाच्या यंत्रावर चालणाऱ्या कॉटलिनच्या त्या लिस्टमध्येही शेवटी इंटिजरच बसलेले असतात. वेगळा इंटअ‍ॅरे मागितला तरच सुटे आकडे मिळतात. नाव बदललं, बाइट तेवढेच लागतात, आणि ते लागताहेत हे आता नावावरूनही कळत नाही.

माझं मत दोघांनाही पटलेलं नाही, तरी सांगते. 2004 मध्ये 'लिस्ट ऑफ इंट' नाकारली हे योग्य होतं. रनटाइम बदलून जुनं जग मोडण्यापेक्षा ते शहाणपणाचं होतं आणि कंपायलरने तोंडावर नाही म्हणणं प्रामाणिक होतं. पण त्याच आवृत्तीत ऑटोबॉक्सिंग देऊन तो नकार झाकला, ती चूक झाली. बॉक्सिंग हवंच होतं तर आत जाताना आपोआप चाललं असतं. बाहेर येताना नल असू शकतो अशा ठिकाणी पाकीट हातानेच फोडायला लावायला हवं होतं. मामा म्हणतो, असं केलं असतं तर लोकांनी जावा 5 घेतलीच नसती. मुलगी म्हणते, दोन्ही चुका आहेत आणि मी मामाला वाचवते आहे.

वाचकांपैकी जे जावा लिहितात त्यांनी एवढं करावं. दहा-वीस किंवा हजारभर नोंदी असतील तर 'लिस्ट ऑफ इंटिजर' खुशाल वापरा, बाइट मोजू नका. लाखांत आकडे असतील तर इंटचा अ‍ॅरे, इंटस्ट्रीम किंवा फास्टयुटिलसारखी लायब्ररी घ्या. बेरीज ठेवायचं व्हेरिएबल कॅपिटल एलच्या लाँगचं केलं असेल तर लहान एलचं करा. फेरीगणिक एक नवा ऑब्जेक्ट वाचेल. आणि आज वेळ मिळेल तेव्हा आपल्या कोडमध्ये दोन इंटिजरांची तुलना डबल इक्वल्सने कुठे केली आहे ते शोधा. टेस्टमधला डेटा 127 च्या आत असेल तर त्या सगळ्या टेस्ट पास होत असणार.